सीडी चालते, आवाज येत नाही

बुधवार, दि. ४ एप्रिल

प्रिय वन्सं,

नमस्कार. तुमचं पार्सल सोमवारी दुपारी मिळालं. मिळाल्याचं तेव्हाच कळवायला हवं होतं, पण आधी चालवून बघावं आणि मग लिहावं असं ठरवलं, त्यात दोन दिवस गेले. तुमच्या पायाची सूज कशी आहे? वॉर्डात उभं राहणं जरा कमी करा, सांगून तुम्ही ऐकणार नाही, तरी लिहिते.

इकडे तुमच्या भावाचं आहे तसंच. काठी धरून खोलीतल्या खोलीत चालतात, डाव्या हाताने जेवतात, रागावले की चमचा आपटतात. बोलणं अजून नाही. "अं" आणि "ह्यॅ" एवढंच. त्यातलं होकाराचं कुठलं आणि नकाराचं कुठलं, ते तीन महिन्यांत मला कळायला लागलंय.

आता सीडीबद्दल. पाकीट एका बाजूने फाटलेलं आणि पुन्हा चिकटवलेलं होतं. पोस्टात झालं असेल. आत सीडी, पुस्तिका आणि तुमची चिठ्ठी. चिठ्ठी यांच्यासाठी होती, पण वाचून दाखवायला मीच, तेव्हा वाचली. "दादा, रोज एक शब्द. मला सगळं तुझ्या तोंडून ऐकायचंय." "सगळं" म्हणजे काय ते मला समजलं नाही. यांना समजलं असावं, कारण त्यांनी चिठ्ठी माझ्या हातातून काढून घेतली आणि उशीखाली सारली.

कॉम्प्युटर तुम्ही पाहिलाय. कॉलेजने मोडीत काढला आणि यांनी निवृत्त होताना उचलून आणला, तोच. प्रयोगशाळेतली यंत्रं दुरुस्त करण्यात ज्यांची सारी हयात गेली, त्यांच्या हातात तो मुकाट चालायचा. जानेवारीपासून त्याच्यावर चादर होती. मी ती काढली, धूळ पुसली आणि पुस्तिका उघडून बसले. मी तीस वर्षं ऑफिसात टायपिंग केलंय, सांगितलं तसं अक्षर न अक्षर करायची मला सवय आहे, त्यामुळे चुकलं असेल माझ्याकडून असं मनात आणू नका.

पहिल्यांदा त्याने सांगितलं की दोनशे छप्पन्न रंग हवेत. आपल्याकडे सोळाच होते. ते बदलायचं कुठे, हे शोधण्यात सोमवारची संध्याकाळ गेली. तोवर सीडीतल्या बाईंचा चेहरा हिरव्या-जांभळ्या डागांचा दिसत होता, कुणाला पाहून बोलायला शिकायचं ते कळेना. मंगळवारी रंग आले, तर म्हणे मेमरी अपुरी. बाकी सगळं बंद करून पुन्हा सुरू केलं, तेव्हा पाठांची यादी दिसली. वापरणाऱ्याचं नाव विचारलं, मी "पेशंट" असं टाकलं. मग व्हिडिओ दिसेना, त्यासाठी त्याच सीडीवरून आणखी एक काहीतरी घालावं लागलं. ते घातलं. आज सकाळी पोस्टाच्या तिकिटाएवढ्या चौकटीत बाई आल्या. ओठ हलवतात, हसतात, थांबून वाट बघतात. पण आवाज येत नाही.

आवाजाशिवाय बोलणं कसं शिकणार? तेव्हा सध्या राहू द्या. मशीन जुनं आहे, त्याला दोष देऊन उपयोग नाही.

फोनवर तुम्ही परत विचारलंत, म्हणून परत लिहिते. त्या दिवशी अकरा वाजले होते. मी स्वयंपाकघरात होते, पडल्याचा आवाज आला, धावत आले. डॉक्टरांना हेच सांगितलं, केसपेपरवरही हेच आहे. तुम्ही स्वतः नर्स आहात, केसपेपर तुम्हाला माझ्यापेक्षा चांगला वाचता येतो.

पायाची काळजी घ्या.

तुमची,
वहिनी


मंगळवार, दि. १७ एप्रिल

प्रिय वन्सं,

नमस्कार. पत्र पोचलं. तुमच्या हॉस्पिटलमधल्या कॉम्प्युटरवाल्यांनी एवढं चित्र काढून दिलं, त्यांना माझे आभार सांगा. मागे तीन भोकं आहेत, स्पीकरची पिन मधल्या भोकात घालायची, आवाजाची पट्टी पडद्यावर वर सरकवायची. सगळं केलं. आवाज येत नाही.

दुरुस्तीवाल्याला पाठवू का, असं विचारलंय. नको. परका माणूस घरात आला की हे अस्वस्थ होतात. शिवाय तो म्हणेल मशीनच बदला, आणि मग आपण काय बोलणार?

तुम्ही लिहिलंय, "वहिनी, एवढं सगळं तुम्हाला जमलं आणि एक पिन जमू नये?" हे वाक्य मी दोन-तीनदा वाचलं. सरळ वाचलं तर त्यात कौतुक आहे. पण तुम्ही सरळ लिहिलं आहे का, याची मला खात्री वाटत नाही.

दुसरं असं, की शेजारच्या बाईंकडे तुमचं पत्र आलं. मी दहाला भाजी आणि औषधं आणायला जाते, तेव्हा तासभर त्या यांच्यापाशी पेपर वाचत बसतात, हे तुम्हाला माहीत आहे. त्यांच्या टेबलावर पाकीट होतं. तुमचं अक्षर मी लांबून ओळखते, "र" ला तुम्ही शेपूट काढता. त्यांनी ते पाकीट पेपरखाली सरकवलं. शाळेत शिकवून निवृत्त झालेली बाई, लपवणं त्यांना जमत नाही.

त्यांना काय विचारायचं होतं, ते मला का विचारलं नाहीत? मी त्या सकाळी किती वाजता जिना उतरले, हेच ना? उतरले होते. साडेआठला दूध आणायला खाली गेले होते आणि लगेच वर आले. दूध आणायला खाली जाणं म्हणजे घरात नसणं असं कुणी समजत असेल तर समजो.

हॉस्पिटलच्या व्हरांड्यात डॉक्टर सगळ्यांसमोर म्हणाले होते, "यांनी वेळेवर आणलं म्हणून पेशंट हाती लागला." तुम्ही माझे दोन्ही हात धरले होते आणि म्हणाला होता, "वहिनी होती म्हणून दादा आहे." ते तुम्ही विसरला असाल. मी विसरलेले नाही. तसं झालं असतं तर बरं झालं असतं, असं मला पुष्कळदा वाटतं.

वरचं शेवटचं वाक्य खोडणार होते, पण पत्र घाण दिसेल. ठीक आहे, असू द्या.

यांचं वजन दोन किलोने वाढलं. भूक लागते. दाढी मी करते, हनुवटीखाली त्यांना गुदगुल्या होतात, तेव्हा हसतात. हसणं शाबूत आहे.

तुमची,
वहिनी


बुधवार, दि. २ मे

वन्सं,

आज ख्यालीखुशाली विचारत नाही. सरळ विचारते. माझ्या पाठीमागे माझ्या घरात काय चाललंय?

गेल्या आठवड्यात पहिल्यांदा खुर्ची दिसली. कॉम्प्युटरसमोरची खुर्ची मी टेबलाच्या आत पूर्ण सारून ठेवते, कारण यांची काठी अडकते. ती चार बोटं बाहेर होती. म्हटलं, शेजारच्या बाईंनी पाय पसरायला ओढली असेल. मग चादर. मी चादर घालते तेव्हा दुमडीची बाजू भिंतीकडे असते, ती खोलीकडे आली. नीट घातलेली, कोपऱ्याला कोपरा, पण उलटी. परवा अकराला घरी आले आणि मॉनिटरवर हात ठेवून पाहिला. कोमट होता. आपोआप कोमट होणारी वस्तू नाही ती.

बाईंना विचारलं नाही. त्या तुमच्या बाजूच्या आहेत. काल दुपारी हे झोपलेले असताना मीच मशीन सुरू केलं आणि तुमची सीडी उघडली. त्यात "प्रगती" नावाचं एक पान आहे, पुस्तिकेत शेवटून दुसऱ्या पानावर त्याची माहिती आहे. कुणी, कधी, किती वेळ, कुठले शब्द, सगळं आपोआप लिहून ठेवतं.

"पेशंट" गेले एकोणीस दिवस शिकतो आहे. रोज दहा वाजून दहा-पंधरा मिनिटांनी सुरुवात, पावणेअकराला बंद. रविवारी नाही. रविवारी मी घरी असते.

यादी वाचली. पाणी. दार. चष्मा. खिडकी. उशी. जमलं की नाही याची खूण शिकणाऱ्यानेच करायची असते; पहिले दिवस प्रत्येकासमोर फुली आहे, मग अर्धी खूण, मग बरोबर. पाणी हा शब्द सहाव्या दिवशी बरोबर आला. सहाव्या दिवशी, वन्सं. आणि त्या दिवसापासून मी रोज विचारते, "पाणी हवंय का?", आणि हे माझ्याकडे बघून "अं" करतात.

नवव्या पाठात छोटी वाक्यं आहेत. तो आला. ती गेली. दिवा लाव. दार उघड. त्यातली बाकीची वाक्यं यांनी एकदा-दोनदा म्हटली आणि सोडून दिली. "ती गेली" शनिवारी अकरा वेळा, सोमवारी चौदा वेळा. हे वाक्य कुणी निवडलं? तुम्ही? बाईंच्या पत्रात हेच लिहिलं होतं का? आजारी माणसाला एखादं वाक्य घोकायला लावायचं आणि मग सगळ्यांसमोर उभं करायचं, असं काही ठरलंय का तुमचं?

आणि हे कसं जमतं, तेही मला कळत नाही. स्पीकरची वायर मी काढून ठेवली होती, ती काल पाहिली तर तशीच काढलेली होती. पिन टेबलाच्या मागच्या कडेवर, जशी मी ठेवली तशी, टोक डावीकडे.

काढली होती म्हणजे, तपासायला काढली होती.

उद्या मी नेहमीसारखी दहाला बाहेर पडणार आहे. सव्वादहाला परत येणार आहे. जे दिसेल ते लिहीन.

वहिनी


रविवार, दि. ६ मे

प्रिय वन्सं,

तुम्ही कदाचित माझं बुधवारचं पत्र वाचून फोन केला असेल. फोन मी काढून ठेवला होता. आज पुन्हा जोडला आहे. पण फोनवर मला हे सांगता येणार नाही, तुमचा आवाज ऐकला की मी पुन्हा अकरा वाजले म्हणेन. म्हणून लिहिते. नीट बसून वाचा. ड्यूटीवर असाल तर घरी गेल्यावर वाचा.

गुरुवारी ठरवल्याप्रमाणे गेले. कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानापर्यंत गेले, काही न घेता वळले. जिना चढताना चपला हातात घेतल्या. स्वतःच्या घराचा जिना. दाराची किल्ली मी आवाज न करता फिरवली आणि पॅसेजमध्ये उभी राहिले.

शेजारच्या बाई खिडकीपाशी पेपर वाचत होत्या. हे कॉम्प्युटरसमोर बसले होते. पडद्यावरच्या बाई म्हणाल्या, "दार उघड." आवाज छान, स्वच्छ येत होता. तुमच्या भावाने मान खाली घातली, श्वास घेतला आणि म्हटलं, "दा... उ... घड." मग ते स्वतःशीच "ह्यॅ" म्हणाले, आणि डाव्या हाताने माउस सरकवून पुन्हा तेच लावलं.

शेजारच्या बाईंनी मला पाहिलं. त्या अजिबात दचकल्या नाहीत.

"आज लवकर?" म्हणाल्या.

मी विचारलं, "हे कधीपासून?"

"कधीपासून म्हणजे? मला वाटलं, तुम्हीच सांगितलंय, रोज लावत जा म्हणून. पहिल्या दिवशी यांनीच तशी खूण केली. मी फक्त मागचं बटण दाबते, माझा हात पोचतो म्हणून. बाकी सगळं यांचं हे करतात."

"आणि वन्संचं पत्र?"

"त्यांनी विचारलंय, दादा जेवतो का नीट, आणि वहिनी झोपते का. मी लिहिलं, जेवतात. तुमच्याबद्दल काय लिहावं ते सुचलं नाही, म्हणून अजून टाकलं नाही." मग त्यांनी पेपरची घडी केली. "मी जाते. तुम्ही आलाच आहात."

त्या गेल्या. मला त्यांच्याबद्दल आणि तुमच्याबद्दल जे वाटत होतं, ते सगळं एका मिनिटात खोटं ठरलं, आणि तरी मला हलकं वाटलं नाही.

यांनी खुर्ची वळवली. घाबरले नाहीत, मशीन बंद केलं नाही. माझ्याकडे बघत त्यांनी डावा हात मागे नेला, चाचपून स्पीकरची पिन बाहेर ओढली आणि टेबलाच्या मागच्या कडेवर ठेवली. टोक डावीकडे. मग पुन्हा माझ्याकडे पाहिलं. वन्सं, इतके दिवस ते ती पिन रोज लावत होते आणि मी यायच्या आत रोज काढून, मी ठेवली होती तशी ठेवत होते. मी ती का काढली, हे त्यांना पहिल्या दिवसापासून माहीत होतं.

आता मी काय लपवलं ते लिहिते.

तुम्हाला पहिलं पत्र लिहिलं, त्या बुधवारी सकाळी आवाज आला होता. पहिल्या प्रयत्नात आला होता. पडद्यावरच्या बाई म्हणाल्या, "पाणी," आणि पलंगावर बसलेल्या यांनी लगेच "पा" असा आवाज काढला. तीन महिन्यांत पहिल्यांदा ओठ मिटून उघडले. दुसरी कुणी बायको असती तर रडली असती. मी खाली वाकले, पिन ओढली, आणि म्हटलं, "बंद पडलं वाटतं." ते मला दिसत होते, म्हणजे मीही त्यांना दिसत होते.

मला भीती वाटली ती ते बोलतील याची. ते काय बोलतील, ते आता तुम्हाला मी सांगते.

मी निवृत्त झाले तेव्हा ऑफिसात निरोपाचा कार्यक्रम होता. शुक्रवारी चार वाजता. यांनी यायचं होतं. पहिल्या रांगेत माझ्या शेजारची खुर्ची कार्यक्रम संपेपर्यंत रिकामी होती, साहेबांनी दोनदा दाराकडे पाहिलं. घरी आले तर हे कॉम्प्युटरचा डबा उघडून बसले होते. सीडीचा ड्राइव्ह बसवत होते. म्हणाले, "अगं, आज होतं का ते?" मी म्हटलं, "आता या डब्याशीच बोला. माझ्याशी एक शब्द बोलू नका." आणि अबोला धरला. शनिवार, रविवार, सोमवार.

यांची जुनी खोड तुम्हाला माहीत आहे, तुमच्याशी भांडण झालं की लहानपणी पण करायचे म्हणे. तोंड एका बाजूला वाकडं करायचं, बोबडं बोलायचं, समोरचा हसेपर्यंत. आमची पस्तीस वर्षांतली निम्मी भांडणं तशी मिटली.

मंगळवारी सकाळी साडेआठला हे स्वयंपाकघराच्या दारात आले. हातातून कप पडला. तोंड वाकडं झालं होतं, आणि ते काहीतरी बोबडं बोलले. मला वाटलं, सुरू झालं नाटक. चार दिवसांनी सुचलं, तेही हेच. मी म्हटलं, "या वेळी नाही हसणार मी." कपाचे तुकडे तसेच टाकले, पिशवी घेतली आणि त्यांच्या अंगावरून गेले. त्यांनी माझी बाही धरली होती. धड धरली नव्हती, बोटं नुसती लागली. मी ती झटकली.

दूध वगैरे काही नाही. मी वाचनालयात जाऊन बसले. मासिकं चाळत बसले. दोन तास झाल्यावर राग गेला होता, तरी आणखी तासभर मुद्दाम बसले. जरा घाबरू दे, असं मनात होतं. साडेअकराला घरी आले तेव्हा हे कॉम्प्युटरच्या टेबलाखाली पडलेले होते.

डॉक्टरांनी विचारलं, "कधी झालं?" माझ्या तोंडून निघालं, "आत्ता, अकराला, मी घरातच होते." एकदा निघाल्यावर तेच केसपेपरवर गेलं. मग ते व्हरांड्यातलं कौतुक, तुमचे ते हात. खोटं बोलले हे मला बोलतानाच कळलं होतं, पण त्या कौतुकाने दार बाहेरून लावून घेतलं.

तर गुरुवारी आम्ही दोघं समोरासमोर बसलो होतो. मी विचारलं, "तुम्हाला ती सकाळ आठवते?"

मान हलली.

"सगळी?"

पुन्हा हलली.

"'ती गेली' हे माझ्याबद्दल म्हणत होतात?"

"अं." हा होकाराचा.

"वन्संना सांगायला?"

त्यांनी पडद्याकडे बोट केलं, त्यावर बाईंचं चित्र थांबलेलं होतं, ते नको अशी खूण केली. माझ्याकडे बोट केलं. ओठ दोन-तीनदा जुळवले, जमेना. कपाळाला घाम आला. मी उठून पुसायला गेले, तर हात बाजूला सारला आणि म्हणाले, "तू."

थांबले. पुन्हा श्वास घेतला.

"तू सांग."

हे यादीत नाही. मी पुस्तिका तपासली. "सांग" हा शब्द एकाही पाठात नाही.

मी विचारलं, "रागावलाय माझ्यावर?" खोटं वाटेल असं काही लिहीत नाही. त्यांनी होकारार्थी मान हलवली. नीट, दोनदा. मग पिन उचलून माझ्यापुढे धरली. मी ती लावली. उरलेला पाठ आम्ही दोघांनी केला, म्हणजे त्यांनी केला, मी बघत बसले. "खिडकी" त्यांना अजून येत नाही. "ख" अडतो.

शुक्रवारी आणि शनिवारी मी घरीच होते. दहा वाजता मशीन सुरू केलं, चादर आता घालत नाही. मधल्या वेळात हे पत्र लिहायला घेतलं आणि टाकलं, तीन कागद गेले. माझ्या हातून इतक्या चुका टायपिंगच्या परीक्षेत पण झाल्या नव्हत्या. उद्या मी हॉस्पिटलमध्ये जाऊन डॉक्टरांना खरी वेळ सांगणार आहे. आता त्याने काय बदलणार, मला माहीत नाही. पण त्यांच्या कागदावर माझं खोटं आहे, ते तसं राहू नये.

तुम्हाला मी गेला महिनाभर जे लिहिलं, बाईंवर, तुमच्यावर जे आळ घेतले, ते सगळं परत घेते. बाईंची माफी काल जाऊन मागितली. त्या म्हणाल्या, "कशाबद्दल?", आणि मला ते सांगता आलं नाही. तुमची माफी मागत नाही. मागितली की तुम्हाला हो किंवा नाही म्हणावं लागेल, आणि हे वाचून लगेच काही म्हणावं लागणं बरं नाही.

आज सकाळी हे पत्र यांना वाचून दाखवलं. साडेअकराशी आले, तेव्हा त्यांनी हात वर केला. मला वाटलं, माझं चुकलं. विचारलं, "साडेअकराच ना?" हो म्हणाले. मग पाचही बोटं दाखवली, मिटली, चार दाखवली. मला कळेना. त्यांनी टेबलाखालच्या फरशीकडे बोट केलं, आणि पुन्हा पाच आणि चार.

नऊ. ते नऊला पडले होते. मी विचारलं नव्हतं कधी. मी गेल्यावर अर्ध्या तासात पडले, आणि मग अडीच तास. हेही तुम्हाला कळायला हवं, म्हणून लिहिलं. यापुढे मी एक ओळही लिहू शकले नाही, ही दुपारी लिहिते आहे.

तुम्ही याल का, हे विचारायचा हक्क मला आहे की नाही, ते तुम्ही ठरवा. आलात आणि माझ्याशी बोलला नाहीत, तरी मी चहा करीन आणि आतल्या खोलीत बसेन. सकाळी दहाच्या सुमाराला या, त्या वेळी त्यांचा घसा मोकळा असतो. शेवटी "एकदा या" असं लिहून मी त्यांना ते वाचून दाखवलं. त्यांनी डोकं हलवून नाही म्हटलं, मला दचकायला झालं. मग म्हणाले, "ये." मी म्हटलं, मी वन्संना अहो-जाहो करते, मी "या" लिहिणार. त्यांनी बोट माझ्या कागदावर टेकवलं आणि परत म्हटलं, अगदी स्पष्ट, "ये."

तेव्हा हा त्यांचा शब्द, त्यांच्या तोंडून आला तसा लिहिते: ये.

साडेअकराला घरी आलेली,
तुमची वहिनी